मेंढपाळ परत गेले

नाताळच्या दिवसांत मेंढपाळांवर उपदेश झाला नाही, असे चर्च विरळाच. कुंभकोणमला तो तमिळमध्ये ऐकावा, अहमदनगरकडे मराठीत. भाषा बदलते, साचा तोच राहतो. मेंढपाळ समाजातले सर्वांत खालचे, म्हणून देवाने त्यांना आधी निवडले. ते सर्व सोडून धावले. त्यांनी गावभर वार्ता पसरवली. तेव्हा आता तुम्हीही उठा आणि सांगा. ऐकायला हे नेटके वाटते. पण लूकच्या दुसऱ्या अध्यायातील आठ ते वीस ही वचने शेजारी ठेवली, की यातले बरेचसे उपदेशकाने पदरचे घातलेले आहे हे दिसते.

‘सर्वांत खालचे’ हा पहिला मुद्दा. मेंढपाळांची साक्ष न्यायसभेत ग्राह्य नसे, हा दाखला हमखास दिला जातो. तो येतो तालमुदातून, म्हणजे येशूनंतर काही शतकांनी संकलित झालेल्या ग्रंथातून. यहुदी शास्त्रात मोशे मेंढरे राखतो, दावीद राखतो, आणि बेथलेहेम हे तर दाविदाचेच गाव. लूकचे मेंढपाळ गरीब असतील. तिरस्कृत होते असे तो म्हणत नाही. करुणेला उठाव यावा म्हणून उपदेशक त्यांना खाली ढकलतो, आणि त्या ओघात एका समाजावर तिरस्काराचा आरोपही करून जातो.

दुसरा मुद्दा ‘सर्व सोडून’ हा. लूकला हे शब्द ठाऊक आहेत. पाचव्या अध्यायात शिमोन आणि त्याचे सोबती मचवे किनाऱ्याला लावून सर्व सोडून येशूमागे जातात, तिथे तो ते वापरतो. मेंढपाळांबद्दल तो ते वापरत नाही. उलट विसाव्या वचनात ते देवाची स्तुती करीत परत जातात. बहुतेक उपदेश सतराव्या वचनाशी, म्हणजे त्यांनी ऐकलेले लोकांना कळवले तिथे, थांबतात. पुढची तीन वचने वाचली जातात, पण त्यांवर बोलले जात नाही. ऐकणाऱ्यांना आश्चर्य वाटले, मरिया मनात विचार करीत राहिली, मेंढपाळ परतले. किती जणांनी विश्वास ठेवला याचा हिशेब लूक देत नाही. देवदूतही ‘जाऊन सांगा’ अशी आज्ञा करीत नाही. तो खूण सांगतो, गव्हाणीतले बाळ. जायचे मेंढपाळ आपसात ठरवतात, आणि सांगतात तेही आपणहून.

विश्वास दुसऱ्याला सांगण्याविषयी बोलायचे, तर या कथेत तीन गोष्टी आहेत: स्वतः जाऊन पाहणे, पाहिले-ऐकले तेवढेच सांगणे, आणि ऐकणाऱ्याला त्याच्या विचारावर सोडून आपल्या कामाला लागणे. तिसरी गोष्ट उपदेशातून गळते, आणि तीच आज मोलाची आहे. तमिळनाडूत २००२ साली सक्तीच्या धर्मांतराविरुद्ध कायदा आला, २००४ साली तो मागे घेण्यात आला. संशय मात्र कायद्याबरोबर गेला नाही. अशा वेळी मेंढपाळांना प्रचारकांची पहिली तुकडी म्हणून उभे करणारा उपदेश संशयालाच खाद्य पुरवतो. आणि भिऊन साक्षीविषयी गप्प बसणारा उपदेश सतरावे वचन गाळतो. दोघांनाही लूक पुरता वाचायचा नसतो.

परिसराकडेही उपदेशक क्वचितच पाहतात. कावेरीच्या खोऱ्यात भाताची कापणी झाली, की रामनाथपुरमकडचे मेंढपाळ कळप घेऊन येतात. खतासाठी शेतकरी रात्री आपल्या शेतात मेंढ्या बसवून घेतो, आणि मेंढपाळ उघड्यावर राखण करतो. आपल्याकडे धनगर दिवाळीनंतर कोकणात उतरतात, तीच ही रीत. नाताळात इथे सांबा भात अजून शेतात उभे असते. खरे मेंढपाळ येतात तोवर घरांवरचे कागदी तारे उतरलेले असतात. गव्हाणीच्या देखाव्यातला मातीचा मेंढपाळ उपदेशात येतो. शेतात रात्र काढणारा येत नाही.

विश्वास सांगण्याची अधिक जाणती रीत याच मुलखात घडली आहे. श्वार्ट्‌झ यांचे शिष्य वेदनायगम शास्त्री (१७७४–१८६४) यांनी ‘बेथलेहेम कुरवंजी’ रचली. कुरवंजी हा लोकांच्या ओळखीचा नाट्यप्रकार. त्यात भटकी कुरत्ती हात पाहून वार्ता सांगते. त्यांच्या काळचे तंजावरचे राजे सरफोजी (दुसरे) यांनी याच प्रकारात, मराठीत, ‘देवेंद्र कुरवंजी’ लिहून जगाचा भूगोल सांगितला. एकाच साच्यात एकाने शुभवर्तमान ओतले, दुसऱ्याने पृथ्वीचे वर्णन. मराठी कीर्तनाने इथे तमिळ हरिकथेला वळण दिले, आणि कुंभकोणमजवळच्या मरुदनल्लूरच्या सद्‌गुरुस्वामींच्या भजनपरंपरेत मराठी न जाणणारे लोक आजही अभंग गातात. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले तेही याच समजुतीने: श्रोत्याला ओळखीच्या चालीत बसू द्यावे, मग सांगावे.

मराठी प्रॉटेस्टंट मंडळी धर्मगुरूला ‘पाळक’ म्हणतात. तमिळ कॅथलिक बिशपला ‘आयर’ म्हणतात. त्याचाही अर्थ कळप राखणारा. १८९९ पासून कुंभकोणम हे अशा एका आयरांचे पीठ आहे. एरवी उपदेशात पाळक बोलतो आणि मेंढरे ऐकतात. लूकच्या त्या रात्री मात्र ऐकणारे आहेत ते राखणदारच. नाताळचा चांगला उपदेश मी त्याला म्हणेन, ज्यात उपदेशक स्वतः ऐकणाऱ्यांच्या रांगेत बसलेला दिसतो, आणि जो विसाव्या वचनापर्यंत जाऊन श्रोत्यांना त्यांच्या घरी, त्यांच्या कामाकडे परत जाऊ देतो.