खोक्यावरचे २००० वॉट

मोटारीत मोठी ध्वनियंत्रणा बसवण्याची हौस आता लहान गावांतही पोचली आहे. अ‍ॅम्प्लिफायरच्या खोक्यात जोडणीची एक माहितीपत्रिका असते. आमच्या एका स्नेह्यांच्या गाडीतली वायर पत्र्याच्या कडेला घासून उघडी पडली, तापली आणि तिचे आवरण वितळले. बॅटरीची जोडणी वेळीच काढली म्हणून गाडी वाचली. त्यानंतर त्यांच्याकडची पत्रिका आम्ही लक्षपूर्वक वाचली. दहावीच्या विद्यार्थ्याला पडताळता येतील अशी विधाने तीत आहेत; म्हणून हे परीक्षण.

आधी जमेची बाजू. आकृत्या स्वच्छ आहेत. ऋण टोक गाडीच्या सांगाड्याला जोडताना तेथील रंग खरवडावा, हा सल्ला योग्यच आहे. रंग विद्युतरोधक असतो. चार ओहमचे दोन सबवूफर समांतर जोडले तर एकूण रोध २ ओहम आणि एकसर जोडले तर ८ ओहम, हेही बरोबर. पण समांतर जोडणीत अ‍ॅम्प्लिफायरला दुप्पट धारा पुरवावी लागते. तो किमान ४ ओहमसाठीच बनवला असेल तर तापून बंद पडेल किंवा जळेल, हे पुढचे वाक्य मात्र गाळले आहे.

पहिला आक्षेप '२००० वॉट' या आकड्याला. याच अ‍ॅम्प्लिफायरवरचा फ्यूज ४० अँपिअरचा आहे. इंजिन चालू असताना व्होल्टता सुमारे १४.४ धरू. म्हणजे आत जाणारी शक्ती १४.४ × ४० = ५७६ वॉट. कार्यक्षमता ८० टक्के मानली तरी सतत बाहेर पडणारी शक्ती ४६० वॉटच्या आसपास. उरलेले दीड हजार वॉट कोठून येतात? ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मोटारीच्या डिकीतही लागू असतो. अमेरिकेत २००३ साली मोटारीच्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी ऐच्छिक मानक आले. त्यात १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि १ टक्क्याहून अधिक विकृती नाही, अशा अटींवर शक्ती मोजतात. तसा आकडा या पत्रिकेत नाही. शिवाय शक्ती दुप्पट केली तरी ध्वनिपातळी फक्त ३ डेसिबलने वाढते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आकृतीत फ्यूज डिकीत, अ‍ॅम्प्लिफायरजवळ दाखवला आहे. बॅटरीपासून तेथपर्यंतची ५ मीटर वायर त्यामुळे असंरक्षित राहते. पत्रिकेने सुचवलेल्या ४ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीचा रोध सुमारे ०.०२१ ओहम येतो. ४० अँपिअर धारेला तीत ०.८५ व्होल्ट खर्ची पडतात आणि ३४ वॉट उष्णता निर्माण होते. १६ चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर दोन्ही आकडे चौथ्या हिश्श्यावर येतात. आता वायरीचे दूरचे टोक पत्र्याला टेकले असे समजा. बॅटरीचा अंतर्गत रोध ०.०१ ओहम धरला तर धारा ४०० अँपिअरच्या घरात जाते. तांब्याची विशिष्ट उष्णता घेऊन गणित केले तर वायरीचे तापमान दर सेकंदाला सुमारे ५० अंशांनी चढते! आवरण वितळायला कितीसा वेळ लागणार? मोठा फ्यूज वायरीच्या रक्षणासाठी असतो. म्हणून तो बॅटरीजवळ, फार तर ४५ सेंटिमीटरवर हवा.

तिसरा आक्षेप सबवूफरच्या निवडीबद्दल. 'जितका व्यास मोठा तितका नाद खोल' असे पत्रिका सांगते. हे अर्धसत्य आहे. शंकूची अनुनाद वारंवारता, त्याच्या टांगणीची लवचिकता आणि पेटीचे आकारमान यांचा मेळ बसावा लागतो. थील आणि स्मॉल या संशोधकांच्या नावाने ओळखले जाणारे स्थिरांक त्यासाठीच असतात. चुकीच्या पेटीतला १२ इंची सबवूफर योग्य पेटीतल्या १० इंचीपुढे फिका पडू शकतो.

आमच्या शिक्षकमित्रांना एक सूचना. ओहमच्या नियमाची उदाहरणे संपली की अशी एखादी पत्रिका वर्गात वाचायला द्यावी आणि फ्यूजच्या आकड्यावरून खोक्यावरचे वॉट तपासायला सांगावे. आपल्या वर्गांतली काही मुले उद्या याच दुकानांत जोडणी करणार आहेत. फ्यूज कोणत्या टोकाला लावायचा, हे त्यांना पत्रिकेआधी आपण सांगितलेले बरे.