शिफारस आणि समीक्षा : स्वतंत्र बँड व हौशी समीक्षक

समीक्षकाचे कार्य कोणते, या प्रश्नाचा विचार करताना कलाकृती रसिकापुढे आलेली आहे, असे आपण बहुधा गृहीत धरतो. परंतु जी कृती अद्याप फारशी कोणाच्या कानी पडलेलीच नाही, तिच्याविषयी लिहिणाऱ्याचे कार्य कोणते मानावे? इंग्लंड-अमेरिकेतील स्वतंत्र बँडांच्या, म्हणजे मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या भांडवलावाचून गाणी काढणाऱ्या मंडळींच्या, इतिहासात हा प्रश्न वारंवार उपस्थित झाला आहे. या बँडांना श्रोता मिळवून देण्याचे काम प्रामुख्याने हौशी लेखकांनी केले. या लेखनात शिफारस व मूल्यमापन ही दोन भिन्न कार्ये एकत्र आली आणि त्यांतील भेद पुसला गेल्यामुळे पुढे अनर्थ ओढवला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

या परंपरेचा एक महत्त्वाचा टप्पा १९७६ मध्ये लंडनमध्ये आढळतो. मार्क पेरी या बँकेतील तरुण कारकुनाने ‘स्निफिन ग्लू’ नावाची पत्रिका स्वतःच टंकलिखित करून काढली. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९७७ मध्ये, मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ने उसनवारीच्या पैशावर ‘स्पायरल स्क्रॅच’ ही ध्वनिमुद्रिका स्वतः प्रकाशित केली. कोणते गाणे कितव्या प्रयत्नात मुद्रित झाले, हेदेखील तिच्या वेष्टनावर छापलेले होते. करणारा व ऐकणारा यांच्यात अंतर नाही, ही भूमिका दोहोंना समान होती. १९७८ मध्ये बीबीसीचे निवेदक जॉन पील यांनी डेरी येथील ‘अंडरटोन्स’चे ‘टीनेज किक्स’ हे गाणे लागोपाठ दोनदा वाजविले. ही शुद्ध शिफारस होय. ‘हे ऐका’ एवढेच तीत सांगितलेले असते, निर्णय श्रोत्याचा. शिवाय पत्रिका हातोहात जात असे, ध्वनिमुद्रिका टपालाने येत असे. या विलंबाचा एक लाभ होता. बँडाला वाढावयास अवधी मिळे.

संगीतविषयक ब्लॉग, ज्यास मराठीत अनुदिनी म्हणतात, हा या पत्रिकांचाच वारस होय. २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅथ्यू परपेटुआ यांनी ‘फ्लक्सब्लॉग’ सुरू केला. त्यात गाण्याविषयीचा परिच्छेद आणि प्रत्यक्ष गाणे ही शेजारी शेजारी ठेवलेली असत. समीक्षेच्या दृष्टीने ही घटना सामान्य नव्हे. तोपर्यंत संगीतसमीक्षकाला न ऐकलेल्या नादाचे शब्दांनी वर्णन करावे लागे व वाचकाला त्यावर विश्वास ठेवावा लागे. आता लेखकाचे प्रत्येक विधान त्याच क्षणी पडताळून पाहता येऊ लागले. यामुळे वर्णनाचे ओझे उतरून विश्लेषणाला वाव मिळावयास हवा होता. प्रत्यक्षात अनेकांनी विश्लेषणच अनावश्यक मानले.

तथापि या लेखनाने साधलेले कार्य नाकारता येणार नाही. २००५ मध्ये ‘क्लॅप युअर हँड्स से येआ’ या अमेरिकन बँडाने आपली पहिली ध्वनिमुद्रिका स्वतःच काढली. अनुदिनीकारांनी तिचा गाजावाजा केला, ‘पिचफोर्क’ने तिला दहापैकी ९.० गुण दिले आणि कंपनीवाचून तिच्या हजारो प्रती खपल्या. ‘पिचफोर्क’ ही काही अनुदिनी नव्हे. ते १९९० च्या दशकात सुरू झालेले जालावरील नियतकालिक होय. परंतु हौशी लेखकांच्या उत्साहाला अंकांची मुद्रा तेथे मिळे, म्हणून त्याचा विचार येथे अपरिहार्य ठरतो.

या अंकांतच दोष दडलेला होता. फ्लोरिडातील ‘ब्लॅक किड्स’चे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. २००७ मध्ये या नवख्या बँडाने चार गाणी विनामूल्य उपलब्ध करून दिली. अनुदिन्यांतून त्यांचा गवगवा झाला व ‘पिचफोर्क’ने त्यांना ८.४ गुण दिले. २००८ मध्ये बँडाची दहा गाण्यांची पहिली पूर्ण ध्वनिमुद्रिका निघाली. तीत ती चारही गाणी नव्याने मुद्रित केलेली होती. या वेळी गुण मिळाले ३.३, आणि परीक्षणाच्या जागी दोन कुत्र्यांचे छायाचित्र व क्षमायाचनेचा एक शब्द, एवढेच होते.

मत बदलण्याचा अधिकार समीक्षकाला आहे, असा आक्षेप यावर घेता येईल. तो मान्य आहे. नव्या मुद्रणाने गाण्यांचा मूळचा कच्चेपणा हरवला असेल, उरलेली सहा गाणी दुबळी असतील. ही कारणे विचारार्ह ठरली असती. पण ती त्या जागी मांडलीच गेली नाहीत. वर्षापूर्वीची शिफारस ‘मूल्यमापन’ म्हणून छापली गेली होती. म्हणून ती मागे घेताना बँडाची पत गेली, लेखकाची नव्हे. पील यांच्या शिफारशीत असा धोका नव्हता. कारण तीत गाण्याच्या श्रेष्ठतेचा आकडा नव्हता, केवळ एका श्रोत्याची आवड होती.

त्या काळाला आता ओहोटी लागली आहे. फेब्रुवारी २०१० मध्ये गूगलने स्वामित्वहक्काच्या तक्रारींवरून अनेक संगीतविषयक अनुदिन्या काढून टाकल्या. २०१५ मध्ये ‘पिचफोर्क’ काँडे नास्ट कंपनीने विकत घेतले व जानेवारी २०२४ मध्ये ते ‘जीक्यू’ मासिकाच्या व्यवस्थेखाली आणण्याचे जाहीर झाले. शिफारशीचे काम आता मोठ्या प्रमाणावर गणनयंत्रे करतात. श्रोत्याने काय ऐकले, यावरून पुढे काय ऐकावे हे ती सुचवितात. मात्र गाण्याच्या गुणदोषांची मीमांसा करीत नाहीत.

यावरून एक निष्कर्ष निघतो. ‘हे ऐका’ असे सांगण्यासाठी समीक्षकाची गरज आता पूर्वीइतकी उरलेली नाही. ‘हे का ऐकावे’ हे सांगण्यासाठी मात्र ती पूर्वीपेक्षा अधिक आहे. नवोदिताची शिफारस करणाऱ्याने ती शिफारसच आहे असे स्पष्ट म्हणावे, आणि निर्णय देणाऱ्याने कारणे द्यावीत. हे पथ्य केवळ संगीतापुरते नाही. पहिल्या कवितासंग्रहावर अभिप्राय लिहिणाऱ्या आपल्या अभ्यासकांनाही ते तितकेच लागू आहे.