जुलाबांनी फोडलेलं गुपित

गाऊट आणि अर्धशिशी यांच्या औषधांची चाचणी घेणाऱ्याला एक अडचण सारखीच येते. दोन्ही आजारांचा झटका येतो आणि औषध न घेताही ओसरतो. अर्धशिशी ४ ते ७२ तासांत, गाऊट साधारण एक-दोन आठवड्यांत. म्हणून 'गोळी घेतली नि उतरलं' हा पुरावा होत नाही. सुमाट्रिप्टान आणि नॅप्रोक्सेनच्या एकत्र गोळीवरच्या २००७ सालच्या अर्धशिशी-चाचण्यांत नुसती प्लासिबो घेतलेल्या २८-२९ टक्के लोकांनाही दोन तासांत आराम पडला होता.

हे डोक्यात ठेवून गाऊटची 'ॲग्री' चाचणी वाचा. रॉबर्ट टर्कलटॉब आणि सहकाऱ्यांची, २०१० साली छापलेली, रुग्ण १८४. औषध कोल्चिसीन. (आपल्याकडे पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीत हेच विष असतं.) त्याआधी कित्येक वर्षं डॉक्टर सांगायचे, दर तासाला गोळी घ्या, दुखणं थांबेपर्यंत किंवा जुलाब लागेपर्यंत! चाचणीत एका गटाला सहा तासांत ४.८ मिलिग्रॅम, दुसऱ्याला तासाभरात १.८, तिसऱ्याला प्लासिबो. २४ तासांत दुखणं निम्म्यावर आलेले रुग्ण: मोठ्या डोसमध्ये ३२.७ टक्के, छोट्यात ३७.८, प्लासिबोत १५.५.

बहुतेक जण इथेच थांबतात आणि 'छोटा डोस जास्त चांगला' असं लिहून टाकतात. ते चूक आहे. टक्के सोडा, माणसं मोजा: ५२ पैकी १७ आणि ७४ पैकी २८. एवढ्या फरकावर कोण सरस ते ठरत नाही.

मला खरा रस आहे तो दुष्परिणामांच्या तक्त्यात. जुलाब झाले मोठ्या डोसमध्ये ७६.९ टक्के लोकांना, छोट्यात २३ टक्के, प्लासिबोत १३.६. चाचणी डबल-ब्लाइंड होती, गोळ्यांची संख्याही सगळ्यांना सारखी होती. पण ज्याला चार वेळा संडासला पळावं लागलं, त्याला आपल्या पोटात खरं औषध गेलंय हे कळणारच ना! आणि 'दुखणं किती' हा आकडा तोच रुग्ण देणार. म्हणजे मोठ्या डोसचा निकाल थोडा तरी डागाळलेला. छोट्या गटात हे गुपित बरंचसं शाबूत राहिलं, म्हणून मला तोच आकडा जास्त विश्वासाचा वाटतो.

आता प्लासिबोचे १५.५ टक्के. हा आकडा 'आपोआप बरे झालेले' असा वाचू नका. न राहवून दुसरं वेदनाशामक घेतलं की रुग्ण 'फरक नाही' या खात्यात जात होता, आणि प्लासिबो गटातल्या निम्म्यांनी ते घेतलं. मग उरलेल्या २९ पैकी ९, म्हणजे ३१ टक्के, असा भागाकार करायचा मोह होतो. करू नका. ज्यांना आधीच कमी दुखत होतं तेच बिनगोळीचे राहिले असणार, त्यामुळे चिठ्ठ्या टाकून केलेली वाटणी तिथे मोडते.

चाचणीचा खर्च कोल्चिसीन बनवणाऱ्या कंपनीचा होता. २००९ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता आणि काही वर्षांची मक्तेदारी मिळाली, नि ९ सेंटची गोळी ४.८५ डॉलरवर गेली. आकडे त्याने खोटे ठरत नाहीत. पण कोल्चिसीनची तुलना नॅप्रोक्सेनशी का केली नाही, हे विचारायला हवं.

ती तुलना इंग्लंडमधल्या 'कॉन्टॅक्ट' चाचणीत झाली. २०२० साली छापली, रुग्ण ३९९. सात दिवसांच्या दुखण्यात ठळक फरक नाही, जुलाब मात्र कोल्चिसीनवर ४५.९ टक्के, नॅप्रोक्सेनवर २०. इथे कोण काय घेतंय हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणजे गुपिताचा प्रश्नच नाही, आणि तीच तिची कमजोरी. पण ॲग्रीतली गोळी ०.६ मिलिग्रॅमची, तर खामगावच्या मेडिकलवर मिळते ती ०.५ ची. कॉन्टॅक्टमध्ये ०.५ चीच गोळी दिवसातून तीनदा, चार दिवस दिली होती. आपल्या रुग्णाबद्दल काही बोलायचं तर मी आधी हीच चाचणी उघडेन, आणि त्याची किडनी कशी आहे, क्लॅरिथ्रोमायसिन चालू आहे का, हे डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय तिच्यातलाही डोस कुणाला सांगणार नाही.