वीस पानांतला अणू

अर्नेस्ट रदरफर्डचा तो निबंध 'फिलॉसॉफिकल मॅगझिन'च्या मे १९११ च्या अंकात आला. पानं अवघी वीस. याच निबंधानं अणूला केंद्र दिलं हे शाळेपासून ऐकलेलं असतं, त्यामुळे तो उघडताना दणदणीत सुरुवातीची अपेक्षा असते. प्रत्यक्षात सुरुवात होते ती सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टीपासून: अल्फा आणि बीटा कण पदार्थातून जाताना वाट सोडतात. तोफेचा गोळा कागदावर आदळून उलटा यावा, ही त्याची गाजलेली उपमाही इथे शोधू नये. ती आयुष्याच्या अखेरीस दिलेल्या व्याख्यानातली. इथला रदरफर्ड थंड डोक्याचा आहे.

आश्चर्य निबंधात आहे, पण ते एका आकड्यात दडवलेलं. हान्स गायगर आणि त्याच्या हाताखालचा विशीतला अर्नेस्ट मार्सडेन यांनी १९०९ मध्ये जे पाहिलं होतं, ते रदरफर्ड असं मांडतो: ०.००००४ सेंटिमीटर जाडीच्या सोन्याच्या वर्खातून जाताना सुमारे वीस हजारांतला एक अल्फा कण सरासरी नव्वद अंशांनी वळतो. असे अडीच हजार वर्ख एकावर एक ठेवले तर कुठे एक मिलिमीटर भरेल! आणि कणाचा वेग सेकंदाला वीस हजार किलोमीटरच्या घरातला. हे सांगताना वाक्याचा सूर जराही चढत नाही.

पुढचं पान मी सगळ्यात चवीनं वाचतो. जे. जे. थॉमसनच्या मते अणू म्हणजे धनप्रभाराचा ऐसपैस गोल आणि त्यात रुतलेले इलेक्ट्रॉन. असा अणू कणाला जरासाच ढकलणार, पण वर्खातले शेकडो अणू ओलांडता ओलांडता ते लहान धक्के साठत जाणार. रदरफर्ड या मताशी वाद घालत नाही, फक्त शक्यतेचा हिशेब करतो. धक्के कधी या बाजूचे, कधी त्या बाजूचे. त्यांची बेरीज नव्वद अंशांपर्यंत पोचण्याची शक्यता इतकी नगण्य निघते की वीस हजारांत एक हे प्रमाण तिच्यापुढे अवाढव्य ठरतं. म्हणजे कण वळला तो एकाच अणूच्या एकाच भेटीत. आणि एका भेटीत एवढं वळायचं तर त्या अणूतला प्रभार अगदी चिमूटभर जागेत कोंडलेला हवा. दुर्मीळ म्हणून जो आकडा बाजूला पडायचा, तो इथे फार मोठा आहे म्हणून अडून बसतो. ही उलटापालट दोन-चार वाक्यांत होते, आणि पहिल्या वाचनात ती निसटूनही जाऊ शकते.

मग येतो त्याचा अणू. मधोमध एका बिंदूत एकवटलेला प्रभार आणि भोवती अणूभर सारखा पसरलेला विरुद्ध प्रभार. बस. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात घिरट्या घालणारे इलेक्ट्रॉन इथे कुठेच नाहीत. मधला प्रभार धन की ऋण, हेही त्यानं ठरवलेलं नाही. सोयीसाठी धन धरू म्हणतो आणि पुढे जातो. त्याला तसं जाता येतं, कारण गणितच तशी मुभा देतं. व्यस्तवर्गाच्या नियमानं केंद्रानं कणाला ओढलं काय किंवा ढकललं काय, मार्ग अपास्ताचाच, आणि वळण्याचा कोनही तोच. असा अणू टिकेल कसा, हा तर पहिला आक्षेप. त्यावर तो सांगतो की या टप्प्यावर त्यात शिरायचं कारण नाही. ही टाळाटाळ वाटू शकते. मला ती निबंधातली सगळ्यात कसलेली जागा वाटते. रागातले वर्ज्य स्वर गवयाला येत नसतात थोडेच! सापडलेल्या पुराव्यातून जेवढं निघतं तेवढंच रदरफर्ड मांडतो.

गणित न्यूटनच्या काळातलं, कॉलेजच्या विद्यार्थ्याला झेपणारं. सोन्याच्या अणूच्या केंद्रावर इलेक्ट्रॉनच्या शंभरपट प्रभार धरला, तर थेट समोरून येणारा अल्फा कण केंद्रापासून किती अंतरावर थबकून मागे फिरेल? उत्तर येतं सेंटिमीटरच्या एक लाख कोटी भागांपैकी ३.४ भाग. अणूची त्रिज्या सेंटिमीटरच्या दहा कोटी भागांपैकी साधारण एक, म्हणजे जवळजवळ तीन हजारपट. अणू बहुतांशी रिकामा आहे हे आपण घोकलेलं वाक्य या एका भागाकारातून उभं राहतं, आणि तेही रदरफर्ड उच्चारत नाही.

त्यानंतर निबंध उघड्यावर येतो, म्हणजे स्वतःला खोटं पाडायची सोय करून देतो. वळलेल्या कणांची संख्या वर्खाच्या जाडीच्या प्रमाणात वाढेल, मधल्या प्रभाराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढेल, वेगाच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात राहील, आणि वळण्याच्या अर्ध्या कोनाच्या साइनच्या चौथ्या घाताच्याही. शेवटची अट जीवघेणी आहे. १५० अंशांवर एक कण दिसला तर १५ अंशांवर तीन हजार दिसायला हवेत.

शेवटाकडची पानं मात्र घाईची. सोन्यासाठी एका मापनातून ९७ आणि दुसऱ्यातून ११४ प्रभार येतो, तर तो साधारण शंभरावर समाधान मानतो. खरा आकडा ७९. मधला प्रभार अणुभाराच्या प्रमाणात असावा हा त्याचा कयासही ढोबळच. हा प्रभार म्हणजेच अणुक्रमांक, ही गोष्ट भौतिकशास्त्रज्ञ हेन्री मोजली यानं १९१३ मध्ये क्ष-किरणांनी पक्की केली. जपानी भौतिकशास्त्रज्ञ हान्तारो नागाओका यानं १९०४ मध्ये शनीच्या कड्यांसारखा अणू कल्पिला होता. त्याचा उल्लेख येतो, पण इतक्या उशिरा की आधीच्या युक्तिवादात त्याला काही कामच उरत नाही.

निबंधातला हा विचार रदरफर्डनं आधी ७ मार्च १९११ ला मँचेस्टरच्या लिटररी अँड फिलॉसॉफिकल सोसायटीत मांडला. जॉन डाल्टननं १८०३ मध्ये अणुभारांचा पहिला तक्ता वाचला तो याच संस्थेत. डाल्टनचा अणू न फुटणारा होता. एकशे आठ वर्षांनी त्याच संस्थेत त्याच्या आतली जागा मोजली गेली. त्या संध्याकाळी आधी एका व्यापाऱ्यानं केळ्यांच्या खेपेत सापडलेला दुर्मीळ साप दाखवला, असं सांगतात. त्या वर्षीच्या शरद ऋतूत ब्रसेल्सला पहिली सोल्व्हे परिषद भरली. रदरफर्ड तिथे होता, पण त्याच्या अणूची चर्चा झाली नाही.

जीवघेण्या अटीचा हिशेब १९१३ मध्ये लागला. गायगर आणि मार्सडेन यांनी अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून झिंक सल्फाइडच्या पडद्यावरच्या ठिणग्या मोजल्या, एकूण लाखाच्या वर. सोन्याच्या तक्त्यात १५० अंशांवर ३३.१, तर १५ अंशांवर १,३२,०००. जवळजवळ चार हजारपट. संख्येला सूत्रानं भागून जो रकाना येतो, तो सगळीकडे सारखा निघायला हवा. तो २७.५ पासून ३९.६ पर्यंत हेलकावतो, आणि लहान कोनांकडे तर उघडच वर सरकतो. दोघांनी तो तसाच छापला आणि फरकाचं कारण प्रयोगातल्या अनिश्चिततेत शोधलं. रदरफर्डची वीस पानं वाचायची तर हा रकाना शेजारी उघडा ठेवून वाचावीत.