‘वजन’ आणि ‘पुष्टी’ : मेंढीविषयक परिभाषेची समीक्षा

मेंढीपालनावरील मराठी माहितीपर लेखनात ‘वजनदार’ व ‘जातिवंत’ ही विशेषणे पुष्कळदा जणू पर्याय म्हणून येतात. हा दोष शैलीपुरता राहत नाही. त्याने विषयाचे आकलनच बिघडते.

वयस्क मेंढीच्या वजनात हाडापेराचा बांधा आणि अंगावरील मांसमेदाचा साठा या दोन भिन्न गोष्टी मिसळलेल्या असतात. पोटातील चारापाणी, लोकर व गर्भ यांचा भारही काट्यावर पडतोच. बोलीने हा भेद केव्हाच ओळखला आहे. ‘थोराड’ हा शब्द बांध्याचा. ‘धष्टपुष्ट’ व ‘रोड’ हे पुष्टीचे. म्हणून ‘थोराड पण रोड’ असे म्हणण्यात विसंगती वाटत नाही. पशुशास्त्रज्ञही पुष्टी ठरवितात ती कमरेचे मणके बोटांनी चाचपून, गुण देऊन. मेंढ्यांसाठी ही रीत १९६१ साली जेफरीज यांनी मांडली.

दुसरा घोटाळा ‘आनुवंशिकता’ या शब्दाचा. पूर्वजांकडून गुण येणे या अर्थी तो योग्यच आहे. परंतु कळपातील मेंढ्यामेंढ्यांत दिसणाऱ्या फरकाचा किती हिस्सा वंशामुळे आहे, या प्रमाणालाही तोच शब्द लावला जातो. हे प्रमाण कळपाचे असते, एकेका मेंढीचे नव्हे. त्यास ‘वंशांश’ म्हणावे, असे सुचवितो. वयस्क वजनाचा वंशांश सामान्यतः पुष्टीच्या वंशांशाहून अधिक आढळतो. चारा, ऋतू व वेत यांनी पुष्टी चटकन पालटते.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचे कार्य येथे उद्बोधक आहे. सुंदरबनातील गरोळ ही मेंढी अगदी लहान, पण तिच्यात बहुप्रसवतेचे ‘फेक-बी’ जनुक असते; त्याचे नेमके स्थान २००१ साली उलगडले. संस्थेने ते दख्खनी मेंढीत आणले. बहुप्रसवता येथे एका जनुकाची, तर शरीराचा आकार अनेक जनुकांचा. म्हणूनच पुन्हापुन्हा दख्खनीशी संकर करून गरोळचा आकार मागे टाकता येतो आणि हवे ते जनुक राखता येते. मात्र जुळी पोसण्यास लागणारी पुष्टी जनुकाबरोबर येत नाही. ती चाऱ्यानेच राखावी लागते.

सांगली जिल्ह्यातील जत तालुक्याची माडग्याळ मेंढी थोराडपणासाठी प्रसिद्ध आहे. तिचा एडका केवळ काटा पाहून साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यात नेला, तर संततीत मोठ्या बांध्याबरोबर बारमाही मोठी भूकही येईल. नुसते ‘वजन’ छापणारे लेखन धनगराला हा धोका सांगू शकत नाही. ‘थोराड’ आणि ‘रोड’ हे बोलीतलेच शब्द परिभाषेत घेतल्यास ते सांगता येईल.