हिजरत आणि रोजी : इनायत खाँ यांच्या चरित्राचे एक वाचन

परदेशी जाऊन पोट भरणे ही आपल्या समाजाला नवी गोष्ट नाही. रत्नागिरी-रायगडच्या मोहल्ल्यांतून माणसे आधी जहाजावर गेली, आफ्रिकेत गेली, पुढे आखातात गेली. त्यांनी पाठवलेल्या पैशांवर घरे उभी राहिली, मशिदी दुरुस्त झाल्या, बहिणींची लग्ने झाली. आम्ही ज्या उर्दू शाळेत शिकवतो, तिथल्या मुलांना 'अब्बा काय करतात?' असे विचारले, तर वेल्डर, ड्रायव्हर, स्वयंपाकी अशी उत्तरे न अडखळता येतात. 'गातात' किंवा 'वाजवतात' असे उत्तर आम्ही वर्गात कधी ऐकलेले नाही.

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या तयारीत सातवीचा एक मुलगा इतका सुरेल गायला की आम्ही त्याला विचारले, "घर में कोई गाता-बजाता है क्या?" तो म्हणाला, "नहीं सर. मामू दुबई में हैं, होटल में काम करते हैं." दोन दिवसांनी एकटे गाठून त्याने हळूच सांगितले, "सर, मामू होटल में कीबोर्ड बजाते हैं. अम्मी ने बोला, किसी को बोलना नहीं."

त्याच दिवसांत आम्ही बडोद्याच्या इनायत खाँ यांचे चरित्र वाचत होतो. 'बायोग्राफी ऑफ पीर-ओ-मुर्शिद इनायत खान' हा इंग्रजी ग्रंथ 1979 साली प्रसिद्ध झाला. त्यातील बराच मजकूर त्यांच्या हयातीतच मुरीदांनी जमवलेला आहे आणि त्यात त्यांचे आत्मकथनही आहे. ग्रंथ श्रद्धेने लिहिलेला आहे आणि श्रद्धेबद्दल आमची तक्रार नाही. पण वाचताना त्या मुलाचे वाक्य पुन्हा पुन्हा आठवत राहिले. मुलाच्या आईने जे झाकले, तेच या चरित्रानेही वेगळ्या तऱ्हेने झाकले आहे, असे आम्हाला वाटू लागले. ते काय, हे सांगण्यासाठी हा लेख.

इनायत खाँ यांचा जन्म 5 जुलै 1882 रोजी बडोद्यात झाला. आईचे वडील मौलाबक्ष हे मोठे गायक आणि स्वरलिपीकार. सयाजीराव गायकवाडांनी 1886 साली बडोद्यात गायनशाळा काढली, तिची सूत्रे त्यांच्याकडे होती. वडील रहमत खाँ पंजाबकडचे धृपदिये. एक मामा लंडनच्या रॉयल अ‍ॅकॅडमीत पाश्चात्त्य संगीत शिकून आले होते. मराठी दरबार, मुसलमान खानदान आणि घरात वीणेपासून व्हायोलिनपर्यंत सगळी वाद्ये, अशा वातावरणात हा मुलगा वाढला. लहानपणी त्याने दरबारात संस्कृत गणेशस्तुती गाऊन महाराजांकडून बक्षीस मिळवले, असे चरित्रात आहे. तरुणपणी तो त्याच गायनशाळेत शिक्षक झाला.

म्हणजे त्यांच्याकडे पगाराची नोकरी होती, आणि तीही आजोबांच्या संस्थेत. आम्ही स्वतः नोकरदार शिक्षक असल्यामुळे या गोष्टीचे मोल जरा जास्तच कळते. ती नोकरी त्यांनी सोडली आणि मद्रास, म्हैसूर, हैदराबाद, कलकत्ता अशी भटकंती केली. हैदराबादेत निजाम महबूब अली खाँ यांच्यासमोर ते गायले. तिथेच चिश्ती सिलसिल्याचे सय्यद अबू हाशिम मदनी त्यांना मुर्शिद म्हणून लाभले. 1909 साली ग्रामोफोन कंपनीने त्यांच्या आवाजात 31 गाणी मुद्रित केली. ती 1994 साली कॉम्पॅक्ट डिस्कवर पुन्हा आली. संत होण्याआधीचा गवई ऐकायचा असेल, तर तो तिथे भेटतो.

13 सप्टेंबर 1910 रोजी धाकटे भाऊ महबूब खाँ आणि चुलतभाऊ मुहम्मद अली खाँ यांना घेऊन ते मुंबईहून निघाले आणि अमेरिकेला गेले. त्यांचे अनुयायी आजही हा दिवस 'हिजरत'चा दिवस म्हणून पाळतात. हिजरत हा शब्द आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. मक्केहून मदिनेला जाण्याचा तो शब्द आहे. मुर्शिदांनी पूर्व-पश्चिमेचे सूर जुळवण्यासाठी पाठवले आणि शिष्य निघाला, अशी चरित्राची मांडणी आहे. ती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. पण बोटीवर तीन गवई होते, बरोबर वाद्ये होती आणि पलीकडच्या किनाऱ्यावर कोणाचाही पगार ठरलेला नव्हता. हीही तितकीच खरी गोष्ट आहे, आणि चरित्र तिच्यावरून पटकन पुढे सरकते. कोणी ऐकले, कोणी वाहवा केली, हे सविस्तर येते. खोलीचे भाडे कसे सुटले, याविषयी फारसे काही येत नाही.

त्या काळचा बाजार लक्षात घेतला पाहिजे. 1910 साली अमेरिकेत राग ऐकायला तिकीट काढून येणारा श्रोता नव्हता. तिथे स्थायिक झालेली हिंदी कुटुंबे इतकी थोडी होती की त्यांच्या जोरावर कोणाची मैफल भरली नसती. गवयाला पैसे मिळण्याचे मार्ग तीन-चारच. विद्यापीठात व्याख्यानाबरोबर प्रात्यक्षिक द्यायचे, धनिकांच्या दिवाणखान्यात गायचे, नाटकमंडळी किंवा नर्तकीला साथ करायची, नाहीतर रात्रीच्या करमणुकीच्या जागी वाजवायचे. इनायत खाँ आणि त्यांच्या भावांनी हे सगळे केले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ते गायले. 1911 साली रुथ सेंट डेनिस या अमेरिकन नर्तकीच्या दौऱ्यात त्यांनी साथ केली. ते नृत्य हिंदुस्थानी नव्हतेच आणि त्यात आपले संगीत केवळ सजावटीला वापरले गेले, याचे दुःख आत्मकथनात स्पष्ट आहे. पुढे इंग्लंड, फ्रान्स झाले. 1913 साली ते रशियाला गेले. मॉस्कोत ज्या जागी वाजवण्याचे काम मिळाले, ती रात्रभर चालणारी चैनीची जागा होती, हेही त्यांनी मोकळेपणाने लिहिले आहे. त्याच मॉस्कोत 1 जानेवारी 1914 रोजी त्यांची पहिली मुलगी नूर जन्मली.

मंडळाचे नावही पाहा. 'रॉयल म्युझिशियन्स ऑफ हिंदुस्तान'. बडोद्याची नोकरी तर त्यांनी कधीच सोडली होती. मग हे 'रॉयल' कशासाठी? ही दुकानाची पाटी आहे. परक्या शहरात अनोळखी गिऱ्हाईक थांबावे म्हणून लावलेली. आम्हाला त्यात काही लाजिरवाणे वाटत नाही. उलट, या एका पाटीमुळे तो माणूस आम्हाला जवळचा वाटतो. आखातात गेलेला आपला माणूसही अर्ज भरताना अनुभव थोडा वाढवूनच लिहितो.

यातूनच आमचा मुख्य मुद्दा निघतो. पश्चिमेच्या श्रोत्याला राग समजत नव्हता, पण रागाआधी खाँसाहेब जे बोलत ते त्याला समजत होते. व्याख्यान ही सुरुवातीला गाण्याची प्रस्तावना होती. हळूहळू गाणे व्याख्यानाची जोड झाले, आणि शेवटी गाणे गळून पडले. महायुद्धाची वर्षे कुटुंबाने लंडनमध्ये ओढगस्तीत काढली. 1922 नंतर पॅरिसजवळच्या सुरेन गावात एका डच मुरीदबाईंच्या मदतीने त्यांना घर मिळाले. त्याचे नाव 'फजल मंजिल'. तोवर वीणा बाजूला ठेवली गेली होती. संगीताकडून मिळायचे ते मिळाले आणि आता ते ईश्वरसेवेत अर्पण केले, असे इनायत खाँ सांगतात. चरित्रकार त्याला एका पायरीवरून वरच्या पायरीवर जाणे मानतात.

आम्हाला इथे थांबून विचारावेसे वाटते की हे केवळ वर चढणे होते काय? बाजाराने ज्या गोष्टीला दाम दिला ती उरली आणि जिला दिला नाही ती सुटली, असेही यात काही होते की नाही? खाँसाहेबांची श्रद्धा खरी होती. मुर्शिदांचा हात त्यांनी परदेशी जाण्याच्या कितीतरी आधी धरला होता. आणि चिश्तींच्या घरात समाअ आहेच. तिथे सूर आणि इबादत यांचे भांडण नाही. मग ज्या सिलसिल्यात गाणे चालते, त्या सिलसिल्याच्या पीराला गाणे सोडावे का लागले? याचे उत्तर केवळ अध्यात्मात शोधून भागत नाही, ते रोजीच्या हिशेबातही शोधले पाहिजे. चरित्राने हा प्रश्नच उभा केला नाही, ही आमच्या मते त्याची मोठी उणीव.

दुसरी उणीव भावांविषयीची. महबूब खाँ, मुहम्मद अली खाँ आणि नंतर जाऊन मिळालेले मुशर्रफ खाँ हेही गवई होते, तेही घर सोडून आले होते. चरित्रात ते सोबती म्हणून उरतात. त्यांनी साथीला बसून काढलेल्या रात्रींचा जमाखर्च कोणी लिहिलेला नाही.

त्याच बडोद्यातून निघालेल्या दुसऱ्या एका खाँसाहेबांशी तुलना केली तर हे अधिक स्पष्ट होते. अब्दुल करीम खाँ 1894 साली ताराबाई माने यांच्यासह बडोदे सोडून गेले. तेही दरबाराचा आसरा सोडून मोकळ्या बाजारात उतरले. पण त्यांना मराठी श्रोता मिळाला. तिकीट काढणारा, चूक-बरोबर कळणारा, नाट्यगीतावर पोसलेला. 1913 साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले आणि मिरजेला घर केले. त्यांना गाणे सोडून पीर व्हावे लागले नाही. दोघांच्या गुणांत किंवा भक्तीत आम्ही डावे-उजवे करत नाही. फरक समोर बसलेल्या माणसांत होता. अली अकबर खाँ 1955 साली न्यूयॉर्कला वाजवायला गेले तेव्हा यहुदी मेन्युहिनसारखा माणूस त्यांची ओळख करून द्यायला उभा होता. 1967 साली त्यांनी कॅलिफोर्नियात शाळा काढली. माहीमचे झाकिर हुसेन 1970 साली अमेरिकेत गेले तेव्हा रेकॉर्डी होत्या, विद्यापीठांत वर्ग होते, दौरे ठरवणारे लोक होते. 15 डिसेंबर 2024 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचे निधन झाले ते तबलजी म्हणूनच. इनायत खाँ यांच्या वाट्याला यातले काही आले नव्हते. रस्ता नव्हता तिथे ते पहिल्यांदा चालले.

एक पुरावा मात्र उरला आहे आणि तो आमच्या भाषेत आहे. 'मिन्कार-ए-मूसीकार' हा त्यांचा उर्दू ग्रंथ 1912 साली अलाहाबादच्या इंडियन प्रेसने छापला. मिन्कार म्हणजे चोच. मूसीकार म्हणजे संगीतकार, आणि फारसी परंपरेत मूसीकार नावाचा एक काल्पनिक पक्षीही आहे. त्याच्या चोचीला अनेक भोके असतात आणि त्यांतून सूर निघतात. स्वर, राग, ताल, वाद्ये, नृत्य यांची रीतसर शिकवणी या ग्रंथात आहे. बी.एड.च्या वर्गात सोप्याकडून कठीणाकडे जावे असे आम्हाला शिकवले होते. इथे एक खरा शिक्षक तसे जाताना दिसतो. ग्रंथ बाहेर पडला तेव्हा लेखक परक्या देशात नर्तकीच्या साथीचा अनुभव घेऊन चुकला होता. 2016 साली अ‍ॅलिन मायनर यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले. मराठी भाषांतर आमच्या पाहण्यात नाही. उर्दू आणि मराठी दोन्ही येणारे लोक आपल्याइतके कोणत्या समाजात आहेत? हे काम आपले आहे.

इनायत खाँ 1926 साली हिंदुस्थानात परतले आणि 5 फेब्रुवारी 1927 रोजी दिल्लीत वारले. निजामुद्दीन वस्तीत त्यांची दरगाह आहे. मुलगी नूर दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांची हेर म्हणून फ्रान्समध्ये उतरली आणि 13 सप्टेंबर 1944 रोजी दाखाऊच्या छळछावणीत मारली गेली. तिच्याविषयी पुस्तके निघाली, तिचे पुतळे झाले. बापाला संत म्हणून मान मिळाला, मुलीला वीर म्हणून. गवई म्हणून त्या घराची आठवण कोण ठेवतो?

आपल्यातल्या काहींना इनायत खाँ पुरेसे मुसलमान वाटत नाहीत, कारण त्यांनी कोणाला धर्म बदलायला सांगितले नाही. काहींना ते पुरेसे उस्ताद वाटत नाहीत, कारण त्यांनी वीणा ठेवून दिली. आणि जे अभिमान बाळगतात, ते 'हजरत' या शब्दाचा अभिमान बाळगतात. खाँसाहेबांची तसबीर आपल्याला चालते, पण घरातला वाजवणारा चालत नाही. त्याची हलाल मेहनत आपण 'होटल में काम' या शब्दांखाली झाकतो. हिजरत हा मोठा शब्द आहे, पण त्याच्या आड रोजी लपवली तर दोन्हींचा अपमान होतो. कुटुंबासाठी कमावणे ही आपल्या दीनमध्ये कमी दर्जाची गोष्ट कधीच नव्हती.

आम्ही सातवीच्या वर्गात इनायत खाँ यांची गोष्ट सांगितली. बडोद्याची गायनशाळा सांगितली, बोट सांगितली, आणि मॉस्कोची ती जागाही सांगितली. तो मुलगा वर्गात काही बोलला नाही. मधल्या सुट्टीत मात्र शिक्षकखोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"सर, वो भी होटल में बजाते थे?"

"हाँ बेटा, वो भी."