एक कोटी जैन: हा आकडा आला कुठून?

आपल्या बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या स्मरणिका, पंचकल्याणकाच्या पत्रिका, सभेतली भाषणं, सगळीकडे एक वाक्य हमखास भेटतं: देशात जैन एक कोटीच्या वर आहेत, जनगणनेत कमी दाखवले जातात. आता ते इतिहासविषयक लेखांतही शिरू लागलंय, म्हणून हे टिपण.

२०११ च्या जनगणनेत देशातले जैन साडेचव्वेचाळीस लाख. हा आकडा बिनचूक आहे असं मी म्हणणार नाही. १९९१ साली ते साडेतेहतीस लाख होते, २००१ साली सव्वाबेचाळीस लाख. म्हणजे आधीच्या दहा वर्षांत २६ टक्के वाढ आणि पुढच्या दहांत जेमतेम साडेपाच! जन्ममृत्यूच्या हिशेबात असा चढउतार बसत नाही. धर्माच्या रकान्यात काय लिहिलं गेलं, ते मधल्या काळात बदललं असणार.

ते कसं, हे आपल्या भागात सहज कळतं. पाटील आपल्याकडे जैनांत आहेत, लिंगायतांत आहेत, मराठ्यांतही आहेत. त्यात जैन म्हणजे व्यापारी, ही शहरी समजूत. कानडी-मराठी दोन्ही बोलणाऱ्या पाटलाच्या शेतकरी घरात प्रगणकानं न विचारताच 'हिंदू' लिहिलं, तर कुणाच्या लक्षात यायचं? आणि विचारल्यावर आपणहून 'हिंदू' सांगणारेही असतात.

पण म्हणून कोटीवर उडी मारता येत नाही. त्यासाठी निम्म्याहून जास्त जैन चुकीच्या रकान्यात गेले, असं दाखवावं लागेल. कोटी लिहिणाऱ्या एकाही स्मरणिकेत मला तसा हिशेब दिसला नाही. गंमत म्हणजे, २०१४ साली देशपातळीवर दर्जा मिळाला तो अल्पसंख्याक म्हणून. तिथं कोटीचा काय उपयोग?

१८९९ साली स्तवनिधीला दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली. कोल्हापूर, सांगली, बेळगाव, हुबळी इथं तिनं विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंगं काढली. या कामाचं मोल सांगायला फुगवलेली संख्या लागत नाही.

माझी सूचना साधी आहे. लेखात जनगणनेचा आकडा द्यावा, सोबत वर्ष द्यावं आणि त्यातली त्रुटीही सांगावी. कोटी लिहायचे तर आधार द्यावा. आणि जमेल त्यानं आपल्या एका गावापुरती बस्तीच्या वर्गणीच्या वह्या आणि शाळेचं जुनं जनरल रजिस्टर ताडून पाहावं. जनगणनेत किती घरं सुटली, याचा अंदाज तिथूनच लागेल.